फोटो कुठल्या क्रमाने काढलेस?

काचेच्या तंतूच्या एका टोकातून लेझर सोडला की दुसऱ्या टोकासमोरच्या भिंतीवर जे उमटतं, ते पाहून कुणीही म्हणेल, काहीतरी बिघडलंय. आत गेलेला प्रकाश एकरंगी, शिस्तीचा. बाहेर येतो तो ठिपक्याठिपक्यांचा चट्टा. इथे लख्ख, शेजारी काळं, त्याला लागून पुन्हा लख्ख. फायबरला नुसतं बोट लावलं तरी सगळे ठिपके जागा बदलतात. याला स्पेकल म्हणतात. लेझर वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हा स्पेकल वर्षानुवर्षं एक उपद्रवच होता. चित्र खराब करणारा, मोजमापात लुडबुड करणारा. आता त्याच चट्ट्यावरून प्रकाशाची तरंगलांबी मोजतात, आणि तीही अशा बारकाईने, की माझ्यासारख्या जुन्या मास्तरणीला ते आकडे दोनदा वाचावे लागतात.

मी इंदूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. माझं प्रकाशाशी नातं लोलक, ग्रेटिंग (रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) आणि सोडियमचा दिवा यांच्यामार्फत. अंधाऱ्या खोलीत स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेघा वेगळ्या दिसल्या की मुलांनी ‘दिसल्या मॅडम’ म्हणायचं (न दिसलेलेही म्हणत), आणि मग व्हर्नियरवर टॉर्च मारून कोन वाचायचा. त्यात एक सोय होती. रेघ तिथेच का पडली, हे कागदावर चार ओळींत सिद्ध करता यायचं.

माझी भाची मुक्ता एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा प्रकल्प नेमका या चट्ट्याचा आहे. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. इथल्या बऱ्याच मराठी घरांतलं कुणी ना कुणी कॅटमध्ये होतं किंवा आहे. 1984 साली सुरू झालेल्या त्या संस्थेचं नाव 2005 मध्ये बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, पण रिक्षावाल्याला अजून कॅटच सांगावं लागतं. विज्ञान दिनाच्या आसपास ते विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवतात. शाळेत असताना मुक्ता तिथे जाऊन आली. अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इंडस-2 या तिथल्या कणत्वरक यंत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन वळणावर प्रकाश सांडतात, हे ऐकून ती जी भारावली ती अजून सावरलेली नाही.

प्रकल्प काय आहे हे तिने मला स्वयंपाकघरात समजावलं. घरी इंटरनेटची लाइन दुरुस्त करायला आलेल्या मुलाकडून ‘भिया, दो मिनट’ करत तिने फायबरचा हातभर तुकडा आणि त्याच्याकडची लाल लेझरची पेन मागून घेतली. दिवा घालवला, फ्रिजच्या पांढऱ्या दारावर प्रकाश पाडला. दारावर जेमतेम दोन-चार पाकळ्या उमटल्या. या तंतूचा गाभा 9 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. 1310 किंवा 1550 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला त्यातून जायला एकच वाट असते. लाल प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या निम्मी, म्हणून त्याला दोन-चार वाटा सापडतात, त्याच त्या पाकळ्या. मग तिने बॅगेतून नारिंगी आवरणाची दुसरी वायर काढली. गाभा 62.5 मायक्रॉन. फ्रिजच्या दारावर शेकडो ठिपके सांडले. ताई ओरडली, आधी दूध आत ठेवा.

या वाटांना मोड म्हणतात. राजवाड्यापासून बडा गणपतीपर्यंत जायचंय असं समजा. कुणी सराफ्यातून जाईल, कुणी खजुरी बाजारातून, कुणी मधल्या बोळांतून वळसे घेत. सगळे एकाच वेळी निघाले, सगळ्यांचं पाऊल अगदी सारख्या लांबीचं. बडा गणपतीच्या पायरीशी येताना कुणाचा डावा पाय पुढे असेल, कुणाचा उजवा, कुणाचा हवेत. आता सगळ्यांनी आपलं पाऊल केसभर आखूड केलं, तर जवळच्या वाटेने आलेल्याला फरक जाणवणार नाही, पण लांबून आलेल्याचा पायच बदलेल. पाऊल म्हणजे तरंगलांबी. ज्यांचे पाय जुळतात तिथे उजेड, ज्यांचे विरुद्ध पडतात तिथे अंधार. म्हणजे भिंतीवरचा चट्टा अपघाताने पडलेला नसतो. त्या फायबरसाठी, त्या क्षणी, त्या तरंगलांबीचा तो ठरलेला ठसा असतो.

हिशेब मी पाकिटाच्या मागे करून पाहिला, कारण तो केल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. 20 मीटर काचेत दीड मायक्रॉनच्या प्रकाशाची जवळजवळ दोन कोटी पावलं बसतात. मुक्ताच्या प्रयोगशाळेतल्या 105 मायक्रॉन गाभ्याच्या तंतूत सगळ्यांत सरळ आणि सगळ्यांत तिरकी वाट यांच्यात साधारण एक टक्का अंतर पडतं. म्हणजे दोन लाख पावलं. तेव्हा तरंगलांबी दोन लाखांत एक भाग बदलली तरी ठसा ओळखू येईल इतका बदलायला हवा. 1500 नॅनोमीटरचा दोन लाखावा भाग म्हणजे साडेसात पिकोमीटर (नॅनोमीटरचा हजारावा भाग तो पिकोमीटर). अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या गटाने 2013 मध्ये 20 मीटर फायबरवर प्रत्यक्षात मिळवलेली विभेदनक्षमता, म्हणजे वेगळा ओळखता येणारा सगळ्यांत लहान फरक, 8 पिकोमीटर. पाकिटाचा हिशेब आणि प्रयोग इतके जवळ आले की मी ते पाकीट अजून टाकलेलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी 100 मीटर फायबर गुंडाळून 1 पिकोमीटर गाठलं. ग्रेटिंगच्या यंत्रात बारीक विभेदन हवं तर प्रकाशाला मोकळ्या हवेत लांब नेत यंत्रच लांबट करावं लागतं. इथे लांबी रिळावर गुंडाळून खोक्यात ठेवता येते.

गंमत अशी, की फायबर बनवणाऱ्यांनी ज्या दोषाशी झुंज दिली, तोच इथे कामी येतो. मोग्याला जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी 1954 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासोबत तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. 1966 मध्ये चार्ल्स काव यांनी म्हटलं, किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग जरी उजेड उरला तरी यावर संदेशवहन उभं राहील. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडली. आज किलोमीटरनंतर पंच्याण्णव टक्के उरतो. मग अडचण आली ती वाटांची. वेगवेगळ्या वाटांनी आलेले संदेश एकमेकांवर चढायचे. म्हणून गाभ्यातली काच मध्यभागी दाट आणि कडेला विरळ करत सगळ्यांना एकाच वेळी पोचवण्याची युक्ती निघाली. मुक्ताची नारिंगी वायर त्याच जातीची. मोजमापाला मात्र ती तितकीशी उपयोगाची नाही, कारण तिच्यात वाटांमधला फरकच पुसून टाकलाय. मुक्ताला हवं जुन्या पद्धतीचं, एकसारख्या गाभ्याचं, सगळ्यांना आपापल्या वेळेला पोचवणारं फायबर.

आता मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला उदाहरणं दाखवून शिकवणं. मुक्ता चट्टे वाचायला तेच वापरते. खरं तर सुरुवातीला त्याची गरजच नव्हती, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मला चीड येते. आधी माहीत असलेल्या तरंगलांब्या एकेक करून सोडायच्या, प्रत्येकीचा चट्टा टिपून ठेवायचा. मग अनोळखी प्रकाश आला, की त्याचा चट्टा म्हणजे या टिपलेल्या चट्ट्यांची कमी-अधिक प्रमाणात केलेली बेरीज. बेरजेतून प्रमाणं काढायची, म्हणजे शाळेतली एकसामयिक समीकरणं, फक्त दोनऐवजी पाचशे. येलच्या गटाने मुळात हेच केलं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात 2017 मध्ये आतून पांढऱ्या पोकळ गोळ्यातल्या स्पेकलवरून एका फेम्टोमीटरहूनही (पिकोमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक बदल पकडला. प्रोटॉनचा व्यास साधारण पावणेदोन फेम्टोमीटर धरा आणि मग विचार करा. त्यातही मुख्य साधन होतं जुनं संख्याशास्त्र. न्यूरल नेटवर्क (असा उदाहरणांवरून शिकणारा संगणकाचा प्रोग्राम) पुढे आलं ते गोंगाटाला, हलत्या यंत्राला तोंड द्यायला, आणि जिथे समीकरण मांडणंच अवघड आहे तिथे. 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या संशोधकांनी हस्तलिखित अंक बहुमोड फायबरमधून पाठवले. पलीकडे निघाला नुसता चट्टा, आणि नेटवर्कने त्यातून अंक ओळखले. 2020 मध्ये सिडनीच्या गटाने फायबरच्या 19 टोकांतून येणाऱ्या नुसत्या चमकेवरून दुर्बिणीत शिरणाऱ्या तरंगाचा आकार वाचला. ध्रुवीकरण (तरंग कुठल्या दिशेने कंपतो), कला (तो कुठल्या टप्प्यावर आहे), तरंगाचा आकार, सगळं त्या चट्ट्यात असतंच. प्रश्न असतो त्यातलं काय वेगळं काढायचं याचा.

होळीनंतरच्या एका रविवारी मुक्ता लॅपटॉप घेऊन आली. नेटवर्क तयार झालं होतं. कॅमेऱ्याने टिपलेले हजारो चट्टे, त्यांतले ऐंशी टक्के शिकवायला वापरले, वीस टक्के परीक्षेला राखून ठेवले. नव्याण्णव टक्क्यांच्या वर बरोबर.

“मावशी, बघ ना. एक पिकोमीटरची पायरीसुद्धा ओळखतंय.”

मी आलेख पाहिला. इतका सरळ, की वीस मीटर फायबरला आठ पिकोमीटर जमतं आणि हिला एक, हे कसं, असं मनात आलं.

“फोटो कुठल्या क्रमाने काढलेस?”

“म्हणजे? 1520 पासून 1570 पर्यंत. लेझर आपोआप पुढे सरकतो.”

“एकाच दुपारी?”

“हो. दुपारी सुरू केलं, रात्री संपलं.”

बस, एवढंच. काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाशाला किती मंदावते तो आकडा) तापमानाच्या एका अंशाला साधारण एक लाखांश बदलतो. दीड मायक्रॉनच्या प्रकाशाच्या हिशेबाने ते दहा-पंधरा पिकोमीटर सरकल्यासारखं आहे. इंदूरमध्ये मार्चच्या दुपारी आणि रात्री एसी चालू असलेल्या खोलीतही एखाद-दोन अंशांचा फरक सहज पडतो. तरंगलांबी वाढत गेली, तसं घड्याळही पुढे गेलं, खोलीही बदलत गेली. नेटवर्कला चट्टा बदलताना दिसला. तो तरंगलांबीने बदलला की दुपार उतरल्याने, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्यात परीक्षेचे वीस टक्के फोटो मधूनमधून उचललेले. प्रत्येकाच्या आगेमागे काही सेकंदांवर काढलेले त्याचे सख्खे शेजारी अभ्यासक्रमात होते. पेपर फुटलेलाच होता म्हणा ना.

“म्हणजे ते घड्याळ वाचतंय?”

“वाचत असेल. उद्या सकाळी उलट्या क्रमाने घे आणि त्याला विचार.”

तिने घेतले. नेटवर्क गडबडलं. नुसतं चुकलं असतं तरी चाललं असतं, पण ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकत होतं.

हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकातून सुचला नाही. माझे बाबा इथल्या एका कापड गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरण्या चालू होत्या तेव्हाचं इंदूर. अनंत चतुर्दशीला प्रत्येक गिरणीची झांकी निघायची, आणि बाबा दिव्यांची रोषणाई बघायला आम्हाला नेत असले तरी त्यांचं लक्ष कापडावर. ‘हा भगवा लाल मारतोय,’ असं पुटपुटायचे. त्यांचं काम शेड मिळवण्याचं. नमुन्याचा तुकडा आणि रंगवलेला लॉट शेजारी धरायचे, उत्तरेच्या खिडकीशी, कारण तिथला उजेड दिवसभर त्यातल्या त्यात सारखा. क्लॉथ मार्केटचा व्यापारी तेच कापड दुकानात ट्यूबलाइटखाली बघायचा आणि परत पाठवायचा. दोघंही खरे. डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीनच जातीच्या. प्रकाशाच्या साऱ्या वर्णपटातून डोळा तीनच आकडे उचलतो. दोन कापडं अगदी वेगळा वर्णपट परावर्तित करूनही एका दिव्याखाली तेच तीन आकडे देऊ शकतात, दिवा बदलला की उघडी पडतात.

पण मला आठवतो तो त्यांचा दुसरा नियम. एकाच रंगाचे लॉट ते सलग तपासत नसत. चार लाल पाहून झाले की पाचव्या लालावर निकाल द्यायचा नाही. मध्ये करडं काहीतरी बघायचं, एखादा निळा घ्यायचा, बाहेर जाऊन चहा घ्यायचा. लाल बघून थकलेला डोळा पुढच्या रंगात हिरवट झाक घालतो, हे त्यांना कुणी शरीरशास्त्र शिकवून कळलं नव्हतं. शिकाऊ पोरांना ते लॉट मुद्दाम उलटसुलट लावून द्यायचे आणि कालच तपासलेला एखादा तुकडा आज गुपचूप परत मधे सरकवायचे. काल आणि आज वेगळं सांगितलं, तर पोराचा डोळा अजून तयार नाही. मशीन लर्निंगवाले ज्याला वेगळ्या दिवसाच्या नमुन्यावर चाचणी म्हणतात, ती हीच.

बाबांनाही आपला निकाल सिद्ध करून दाखवता येत नसे. ‘मारतोय’ म्हणजे किती मारतोय? आकडा नाही. म्हणून नेटवर्कला कारण सांगता येत नाही, ही तक्रार मी फारशी करत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. शिकाऊ पोराला न पाहिलेला रंग दिला, तर तो निदान ‘मास्टर, हा काय प्रकार?’ म्हणायचा.

1868 सालच्या 18 ऑगस्टच्या खग्रास ग्रहणानंतर सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ चर्चेत आली. जवळपास सोडियमच्या जागी, पण 587.6 नॅनोमीटरला, दीडेक नॅनोमीटर बाजूला. (विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरला हेलियम सापडला, असं आपण कौतुकाने सांगतो. लॉकयर त्या वेळी इंग्लंडात होता. ग्रहण पाहायला भारतात आला होता तो फ्रेंच जान्सेन, आणि तो होता गुंटूरला.) त्या दीड नॅनोमीटरवर बोट ठेवून कुणीतरी म्हणालं, हे पृथ्वीवरचं ओळखीचं काही दिसत नाही. तो वायू पृथ्वीवर हाती लागायला 1895 उजाडावं लागलं. ज्या नेटवर्कला फक्त माहीत असलेल्या मूलद्रव्यांच्या याद्या शिकवल्या, त्याने त्या रेघेला बेधडक सोडियम म्हटलं असतं, वर शक्यता नव्याण्णव टक्के लिहिली असती. समीकरणाच्या पद्धतीत निदान शिल्लक उरते. बेरीज जुळत नाही, काहीतरी बाहेरचं आहे, हे ती शिल्लक सांगते. मुक्ताला मी म्हटलं, नेटवर्क ठेव, पण ती शिल्लकही शेजारी छाप.

हे यंत्र बाबांच्या खिडकीशी ठेवलं असतं तर? काही उपयोग झाला नसता. कापडावरून सगळ्या दिशांना विखुरलेला उजेड जाड फायबरमध्ये शिरला तर ठिपके उमटतच नाहीत, सगळं धुऊन सपाट होतं. ठसा उमटायला प्रकाश दर वेळी एकाच पद्धतीने आत शिरावा लागतो. त्यासाठी तो आधी त्या 9 मायक्रॉनसारख्या बारीक तोंडातून न्यावा लागतो, आणि कापडाच्या उजेडातला किती त्या तोंडात मावणार? वर्णपट जितका रुंद, तितका चट्टा फिका. लेझरची तरंगलांबी मोजायला हे उत्तम आहे, रंगखात्याला ग्रेटिंगचं जुनं यंत्रच बरं. फायबर आणि नेटवर्क मिळून आता सगळंच मोजतील, असं वाचलं की मी पान उलटते.

मुक्ताने आता फायबरचं रीळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटवून थर्मोकोलच्या डब्यात बंद केलंय. तापमान वेगळं नोंदवते. तरंगलांब्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कुठल्याही क्रमाने घेते, आणि मधूनमधून एका ठरलेल्या, न बदलणाऱ्या लेझरचा चट्टा टिपते, म्हणजे फायबर किती सरकलं ते कळतं. परीक्षेचे फोटो वेगळ्या दिवसाचे. नव्याण्णव टक्के गेले. आता उत्तर येतं पिकोमीटरमध्ये, अधिक-उणे लावून. फायबर स्थिर असेल तर साधी समीकरणं आणि नेटवर्क बरोबरीने चालतात. डबा उघडा ठेवला, फायबर हलकेच वाकवलं, की नेटवर्क पुढे जातं, पण तेही तसं वाकवलेलं शिकवताना दाखवलं असेल तरच. तिच्या मार्गदर्शकांना हा आलेख पहिल्यापेक्षा कमी आवडला, असं ती म्हणाली. मला जास्त आवडला.

तिची खरी कुरकुर वेळेबद्दल आहे. उड्या मारत तरंगलांबी बदलायची, तर लेझरला प्रत्येक वेळी स्थिर व्हायला थांबावं लागतं. पूर्वी अर्ध्या दिवसात उरकणारं काम आठवडा खातंय.

“तुझ्या एका प्रश्नापायी माझा अख्खा मे महिना प्रयोगशाळेत चाललाय, मावशी. सगळे आंबे खातायत आणि मी डबा उघडतेय, बंद करतेय.”

मी म्हटलं, आंबे राखून ठेवते. तापमान एवढं हलणारा महिना पुन्हा वर्षभर मिळायचा नाही, डबा उघडून काय ते आत्ताच मोजून घे.